खिडकीचा शेवटचा पत्ता

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी १०

काल बाबा गेले. मी ठीक आहे. लिहून ठेवतोय, कारण सगळे तेच विचारतात आणि दर वेळी नवीन वाक्य सुचत नाही.

हॉस्पिटलला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. मीटिंग चालू होती. माइक म्यूटवर होता, त्यामुळे नलूताईचा फोन ऑफिसात कुणाला ऐकू गेला नाही. ते एक बरं झालं.

रात्री ताई म्हणाली, दिपू, आता दहावं तरी वेळेवर कर. एकुलता एक मुलगा आहेस, सगळं तुझ्यावर. मी म्हटलं, झालं समज.

सुतक म्हणजे घरातून काम. संकल्प: ऑफिसचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, दहाव्याच्या आत संपवायचा. दहावं वेळेवर. रडायचं नंतर बघू.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घोडपदेवच्या आमच्या खोलीत नेटवर्क फक्त मोरीच्या दाराशी येतं. तिथेच स्टूल टाकलं. भेटायला येणारे ओलांडून जातात. वाकून विचारतात, कसा आहेस. ठीक.

काम चार ओळींचं. कॉम्प्युटरमधल्या कार्डाला स्वतःची थोडी मेमरी असते. तिला आम्ही खिडकी म्हणतो. सुरुवातीचा पत्ता ठरलेला, लांबी ठरलेली. प्रोग्रॅमने एखादा पत्ता मागितला की तो खिडकीत बसतो का, हे कर्नलने, म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमने, बघायचं. नाही बघितलं तर तो दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत लिहितो आणि मशीन बसतं. एकदा बाबांना हे समजावलं होतं. मिल बंद पडल्यावर ते शिवडीला गोदामावर वॉचमन होते. म्हणाले, म्हणजे तू पण वॉचमनच की रे. मला जरा राग आला होता.

सुरुवात अधिक लांबी म्हणजे शेवट. शेवटापर्यंत सगळं आत, पुढचं बाहेर. दुपारी लिहून टाकलं. वीस वर्षांचा अनुभव असला की असं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दहाव्याची तारीख काढली. ताई बोटं मोजत होती. म्हणाली, गुरुवारी येत नाय काय रे? मी एक्सेल उघडलं. चार तारखेला गेले, चार अधिक दहा चौदा. शुक्रवार. ताईने पुन्हा बोटं मोजली. मग म्हणाली, तू शिकलेला, तूच बघ.

बाणगंगेच्या जगदीश गुरुजींना मेसेज केला: १४ तारखेला दहावा, सकाळी सात. त्यांचा अंगठा आला. फॅमिली ग्रुपवर टाकलं. कणकवलीच्या मामांनी तिकीट काढलं. एकूण अकरा मिनिटं लागली. लोक या गोष्टींचा उगाच बाऊ करतात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अनुजाने पॅच बघितला. ती माझ्या टीममध्ये ज्युनियर, वय सव्वीस. लिहिते, सर, शेवट एकाने पुढे जातोय, सुरुवातीचा पत्ताही मोजायचा असतो. खाली, टेक केअर.

मी लिहिलं, नोटेड. काही बदललं नाही. मुलगी हुशार आहे, पण घाई करते. पॅच सरळ कर्नल सांभाळणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवला.

ताईने विचारलं, आमटी कशी झालीय. म्हटलं, मस्त. तिने मीठच घातलं नव्हतं म्हणे. डोकं पॅचमध्ये होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

लिस्टवरून एका ओळीचं उत्तर. शेवट एकाने चुकलाय, टेस्ट करून पाठवा.

टेस्ट केलं. ऑफिसातलं मशीन बसलं. रॅम सैल असणार. अनुजाला बघायला सांगितलं. तिने फोटो पाठवला, रॅम घट्ट होती.

शेजारच्या शेवंतीकाकी येऊन रडल्या. मी पाणी दिलं. जाताना म्हणाल्या, रड रे बाबा, मोकळा हो. मी म्हटलं, होतोय हळूहळू. खरं म्हणजे काही होत नाही. बसलो की बसलेला, उठलो की उठलेला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एक वजा केला. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, 'किरकोळ सुधारणा' लिहिलं. मशीन चाललं. अनुजाचं नाव टाकायला हवं होतं, पण ओळ लांब होत होती.

संध्याकाळी लिस्टवर पॅच घेतला गेला. सीमा कशी तपासायची हे आता मला कुणी शिकवायला नको.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज काहीच काम नाही. पहिला संकल्प पूर्ण, दुसरा उद्या. पंचा, धोतर, तांब्या, सगळं पिशवीत. टॅक्सी सहाला सांगितली. एक दिवस आधी सगळी तयारी झालेला मुलगा घोडपदेवमध्ये दुसरा नसेल.

ताई पहाटेच अंघोळ करून बसली होती. म्हणाली, आजच वाटतोय रे मला. मी परत एक्सेल दाखवलं. ती आत गेली, भात टाकला.

दोनदा चहा घेतला. दुपारी झोपलो. छान झोप लागली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी ३

पावणेसातला बाणगंगेवर होतो. गुरुजींच्या आधी. केस काढून झाले. संकल्प सांगायला गुरुजींनी बाबांचं नाव विचारलं. गुणाजी. कधी गेले? मंगळवारी, चार तारखेला.

गुरुजींनी बोटं मोजली. मग परत मोजली. म्हणाले, अहो, दहावा काल झाला.

मी समजावलं की चार अधिक दहा चौदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, माणूस जातो तो दिवस पहिला. तो धरायचा असतो, साहेब. मामा खाली बघत होते. ताई माझ्याकडे बघत होती. मला फार लाज वाटली. अनुजाने आठ तारखेला अगदी हेच लिहिलं होतं, हे तिथे पायरीवर ओल्या पंचात उभा असताना लक्षात आलं.

गुरुजी म्हणाले, होतं असं कधीकधी, दहाव्याचं आणि अकराव्याचं आज एकत्र करू. केलं. ते सांगतील ते सगळं केलं.

टॅक्सी भायखळ्याला आली. मी सॉरी म्हटलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, बाबा काल दिवसभर उपाशी बसले असतील रे, आता दिपू येईल, मग दिपू येईल म्हणून.

तिथे मला रडू आलं. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

आता घरी आहे. ताईने पान वाढलंय. जेवायला बोलावते आहे, आणि मला उठवत नाही.