जाफराबाद ते श्रीवर्धन, व्हाया पिंपळगाव रेणुकाई

२ नोव्हेंबर, रविवार
रिटायर होऊन दोन महिने झाले. जाफराबादच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांना गावाला पाठवलं. स्वतः कुठे गेलो नाही. आता जाणार. सायकलवर. जाफराबाद ते श्रीवर्धन. पुण्यापर्यंत साधा रस्ता, पुढे ताम्हिणी घाट, मग खाडी आणि समुद्राच्या कडेकडेने. यूट्यूबवर या रस्त्याचे सगळे व्हिडिओ पाहून झाले. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मधून सायकलवाला. सायकलवाला माझ्याच वयाचा वाटतो. हेल्मेटमुळे नक्की सांगता येत नाही.
श्रीवर्धनला करण, आमचा मुलगा, राहतो. हा योगायोग. मार्ग निसर्गसौंदर्य बघून निवडला आहे.

४ नोव्हेंबर
सायकल आणली. एकवीस गिअर. दुकानदार म्हणाला, घाट लागला तरी कळणार नाही.
बायकोला, कांताबाईला, प्लॅन सांगितला. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, पोराच्या लग्नाला जायला बस होती, तेव्हा ड्यूटी सोडून येता आलं नाही, मग आता सायकलवर कसं जाणं होतंय. मी तिला गिअरची माहिती दिली.
लग्नाच्या वेळी खरोखर रजा नव्हती. अर्ज केला असता तरी मिळाली नसती. पोराने मुलगी, प्रांजली, स्वतः पसंत केली आणि मला नुसती तारीख कळवली, याचा रजेशी काही संबंध नाही.

९ नोव्हेंबर
उद्यापासून सराव. पहाटे पाच.

१० नोव्हेंबर
थंडी फार. कोकणात थंडी नसते. थंडीत सराव केला तर शरीराला चुकीची सवय लागेल. सराव दुपारी.
दुपारी ऊन होतं.

१३ नोव्हेंबर
पेट्रोल पंपापर्यंत गेलो. गुडघा बोलतो आहे. परत येताना बद्रीनाथच्या खताच्या दुकानात बसलो. त्याला सहज प्लॅन सांगितला. तो म्हणाला, गावातून असा माणूस चाललाय तर निरोप समारंभ झालाच पाहिजे. मी साफ नकार दिला. फोटो मागितला म्हणून पासपोर्ट साइजचा दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
समारंभ. आपल्याकडे सत्कार कामाच्या आधी करतात हे बरं आहे, नंतर माणसं जमत नाहीत. बसस्टँडसमोर फ्लेक्स. मागे समुद्र, नारळाची झाडं, मध्ये मी टाय लावून. शाल, श्रीफळ, फेटा. अप्पाराव गुरुजी पर्यावरणावर बोलले. बराच वेळ बोलले. मी आठ दिवसांत पोचेन असं जाहीर केलं. मनात बारा होते. फेटा बांधला की आकडा कमी होतो.
आठला निघायचं होतं, साडेअकराला निघालो. फेट्यावर हेल्मेट बसेना, ते हँडलला लटकवलं. पोरं मोटरसायकलवर घोषणा देत पुलापर्यंत आली. ती वळल्यावर मी थांबलो. पाणी प्यायलो. परत थांबलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मुक्काम पिंपळगाव रेणुकाई, मोठी बहीण पुष्पा, म्हणजे आक्का, हिच्या घरी. पिंपळगाव समुद्राच्या उलट दिशेला आहे याची मला कल्पना आहे. पहिल्या दिवशी वॉर्मअप ओळखीच्या रस्त्यावर करावा असं व्हिडिओत सांगितलं आहे. भोकरदनच्या पुढे जीपने आलो. जीप मी बोलावली नव्हती, ती येतच होती. सायकल टपावर छान बसते.

१७ नोव्हेंबर
रेस्ट डे. ओसरीवर हेल्मेट घालून फोटो काढला, स्टेटसला टाकला. ‘मोहीम सुरू.’ बऱ्याच जणांनी पाहिला. करणनेही पाहिला. नोंद म्हणून लिहितो आहे, बाकी काही नाही.

१८ नोव्हेंबर
आक्काला कापूस वेचायला माणसं मिळेनात. वेचताना वाकावं लागतं, गुडघ्याला तसा व्यायाम चांगला. कमरेला झोळी बांधून चार सरी वेचल्या. आक्का माझ्या मागून परत वेचत आली.
शेतातून फोटो टाकला. ‘डोंगर सुरू झाले.’ खरंच आहे. शेताच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. कुठले डोंगर, हे कुणी विचारलं नाही. बद्रीनाथने झेंडे पाठवले. करणने अंगठा पाठवला. दोन वर्षांत पहिलाच.
मोबाईल चार्जिंगला लावला आणि तिथेच बसलो.

२० नोव्हेंबर
दाजी, म्हणजे आक्काचे मालक रामप्रसाद, कमी बोलतात. आज जेवताना त्यांनी विचारलं, समुद्र इकडं येऊन राह्यला का. मी म्हणालो, उद्या निघतोय. आक्का म्हणाली, आता वावर होऊनच जाऊ दे, अर्धं टाकून कोण जातं.
प्लॅनप्रमाणे आज नगर मागे पडायला हवं होतं. तसं स्टेटस टाकलं. स्टेटस हे प्लॅनचं असतं.
करणचा मेसेज: ‘गुडघा जपा.’ गुडघ्याचं त्याच्या लक्षात आहे. मी लांबलचक उत्तर लिहिलं. खोडलं. ‘हो’ पाठवलं.

२१ नोव्हेंबर
निघणारच होतो. मागचं चाक बसलेलं. बाभळीचा काटा. सायकल उभीच असताना काटा कसा गेला हा अभ्यासाचा विषय आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
करणने विचारलं, घाट कोणता, कधी उतरणार. मी लिहिलं, ताम्हिणी, उद्या दुपारी. प्लॅनमध्ये तसंच आहे, मी फक्त वाचून सांगितलं. त्याने लिहिलं, ‘सांभाळून उतरा, ब्रेक सारखे दाबू नका.’
हे वाक्य तीनचारदा वाचलं. ब्रेकची माहिती उपयुक्त आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच पंक्चर काढून आणलं. आज निघालो तर काय होईल याचा हिशेब केला. आज निघालो नाही तरी तेच होतं. वेचायला गेलो.

दुपारी चार
करणचा फोन आला. शेतात आवाज तुटत होता, बांधावर जाऊन बोललो. तो म्हणाला, आम्ही सकाळपासून माणगावला आहोत. घाटातून येणारा रस्ता जिथे गावात शिरतो, तिथे चहाच्या हॉटेलासमोर. प्रांजली आहे, पोरगी आहे. पोरीला आजोबांसाठी नवीन फ्रॉक घातला होता, आता ती मांडीवर झोपली आहे. येणारी प्रत्येक सायकल उठून बघतो आहे. कुठवर आलात?
मी म्हणालो, चेन पडली आहे.
मागून आक्काने हाक मारली, “त्रिंबक, पोतं भरलं, धरायला ये.”
करणने हाक ऐकली. मग म्हणाला, “पप्पा, तुम्ही आत्याकडं हाय ना?”
मी म्हणालो, वाटेत थांबलोय.
“लग्नाच्या दिवशी बी मी असंच स्टँडवर तुमची वाट बघत बसल्तो,” तो म्हणाला. “या गाडीत असताल, मंग त्या गाडीत असताल. मुहूर्ताला मला धरून न्यावं लागलं.”
फोन बंद झाला. रेंज गेली असावी. मोबाईलवर रेंजच्या चार काड्या दिसत होत्या.
जाऊन पोतं धरलं.

सहा वाजता
कांताबाईचा फोन. आक्काने तिला पहिल्याच दिवशी कळवलं होतं. बुधवारी बद्रीनाथ इकडे आला होता, त्यालाही मी शेतात दिसलो होतो. गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी काही बोललं नाही, कारण फ्लेक्स अजून उतरवलेला नाही.
मी तिला सांगितलं की चाकात काटा गेला होता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आता तरी बसनं जा.”

२४ नोव्हेंबर
सायकल दाजींच्या गोठ्यात लावली. आक्काने भाकऱ्या बांधून दिल्या. करणसाठी ठेचा वेगळा. भोकरदनला गाडी मिळाली. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्याने मोहिमेचं विचारलं. चालू आहे म्हणालो. जागा नव्हती. उभा राहिलो.
स्टेटस टाकलं नाही.

२५ नोव्हेंबर
पहाटे पुण्याहून श्रीवर्धनची गाडी. खिडकी मिळाली. ताम्हिणी घाट आला तेव्हा झोप लागली होती. जागा झालो तेव्हा गाडी माणगावात उभी होती. चहाचं हॉटेल दिसलं. समोर बाकडं आहे. बसायला बरं नाही, पाठ टेकत नाही.
घर विचारत गेलो. दार प्रांजलीने उघडलं. फ्लेक्सच्या फोटोमुळे तिने ओळखलं, कांताबाईने तो तिला पाठवला होता. पाया पडली. पोरगी माझ्याकडे बघून रडायला लागली. प्रांजली म्हणाली, मिशीवाल्यांना भिते, होईल सवय. समुद्र घराच्या मागेच आहे म्हणाली, बघून या. मी म्हणालो, करण येऊ दे.
करण धक्क्यावर बर्फाची मशिनं दुरुस्त करतो. दिवे लागल्यावर आला. मी उभा राहिलो. त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं, बाहेर अंगणात पाहिलं. सायकल तिकडेच राहिली, असं मी सांगितलं. तो हातपाय धुवायला गेला.
जेवायला बसलो. त्यांना मासे होते. मला वांग्याची भाजी. मी मासे खात नाही हे त्याने घरात कधीतरी सांगून ठेवलेलं असणार. ठेचा त्याने दोनदा घेतला. मी सांगायचं ठरवलं होतं की लग्नाच्या वेळी रजेचा अर्ज मी केलाच नव्हता. ते सांगितलं. चेनचंही सांगितलं. तो खाली बघून जेवत होता. मग म्हणाला, “माहीत हाय मला. आईनं सांगितल्तं.”
मी म्हणालो, मी काही मुक्कामाला आलेलो नाही, तुम्हाला अडचण नको, निघेन.
तो ताट घेऊन उठला. म्हणाला, “सकाळी सहाला गाडी हाय.”
मी पिशवी जवळ ओढली.
मोरीत पाण्याचा आवाज चालू होता. तो तिथूनच म्हणाला, “रोज असती ती.”