मुलांना सांगू नका

बाबा,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की फोटोतला तुमचा रुंद टाय मधल्या काळात पुन्हा फॅशनमध्ये येऊन गेला. आईला मात्र तुम्ही गेल्याचं अलीकडे आठवत नाही. "हे अजून आले नाहीत?" असं विचारते. सुरुवातीला मी खरं सांगायचो. मग ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. एकाच बाईला रोज विधवा करणं मला जमेना, म्हणून "हॉस्पिटलमध्ये ऑन-कॉल आहेत" असं सांगायला लागलो. ते तिला लगेच पटतं, जन्मभर तेच ऐकलंय ना. मला स्वतःला यातलं काहीच जाणवत नाही. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा हल्ली मी सगळाच झालोय.

परवाच्या शनिवारी आईला सांभाळणारी फिलिपिनो केअरर म्हणाली, "टुडे ट्रीट फ्रॉम माय कंट्री, मॅडम." इथे लंडनमध्ये, क्रॉयडनला ट्रामच्या स्टॉपजवळ तिच्या ओळखीचं एक छोटंसं हॉटेल आहे. भिंतीवर येशू, त्याच्या शेजारी कराओकेचं मशीन. तिथे उंच ग्लासांतून हालो-हालो आलं. तळाशी साखरेत शिजवलेला राजमा, फणसाचे गरे, लालहिरवी जेली, त्यावर किसलेल्या बर्फाचा डोंगर, वरून आटवलेलं दूध आणि टोकाला जांभळ्या कंदाचं आइस्क्रीम. राजम्याचं लग्न आइस्क्रीमशी लावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तेही दोन्ही घरच्यांच्या संमतीने.

बर्फ दिसला आणि तुम्ही आठवलात. आम्ही सुट्टीत पुण्याला आलोय. मामाच्या कोपऱ्यावर गोळेवाला रंध्यावर बर्फ घासतोय. मामाची मुलं लालभडक जिभा काढून दाखवतायत आणि मी आणि ताई खिडकीत बसून उकळलेलं पाणी पितोय. कारण तुम्ही पोटाचे डॉक्टर. "तो बर्फ नाही, गोठवलेलं गटार आहे," हे तुमचं वाक्य. त्यानंतर जेवण, आणि जेवणानंतर सक्तीची झोप.

"मिक्स, मिक्स, मॅडम," केअरर म्हणाली. आईने ढवळलं, एक चमचा खाल्ला, दाराकडे पाहिलं आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "अहो, मुलं उठली नसतील ना?"

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त येशू होता.

"उठली तर विचारतील कुठे गेला होतात. मुलांना सांगू नका हं. तुम्हीच त्यांना नाही म्हणता आणि तुम्हीच मला घेऊन येता." मग टिश्यू माझ्यापुढे धरला. "ओठ पुसा आधी. लाल दिसतायत."

म्हणजे आम्हाला झोपवून तुम्ही दोघं गोळा खायला जायचात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी लोकांच्या ढोंगांवर लिहितो, लोक दाद देतात, आणि घरातला अव्वल ढोंगी माझ्या नजरेतून सुटला! राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. हसूही आलं नाही.

"बोला ना," आई म्हणाली.

केअरर माझ्याकडे बघत होती. मी नुसतं "आई" म्हटलं असतं तरी ती दुपार संपली असती आणि रडणं सुरू झालं असतं. मी कोरडे ओठ पुसले, तुमच्यासारखा घसा खाकरला आणि म्हणालो, "नाही सांगणार. पण एकच हं. पोट बिघडेल."

आई हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ते बहुधा तुमच्यासाठीच राखीव असावं. "दरवेळी एकच म्हणता," ती म्हणाली, "आणि माझ्यातला अर्धा खाता." मग मी माझा ग्लास संपवला आणि तिच्यातलाही अर्धा खाल्ला. राजमा वाईट नव्हता. जीभ बधिर झाली, पण बाकीचा मी आधीपासूनच तसा होतो, त्यामुळे फार फरक पडला नाही.

आता तिने "हे आले नाहीत?" विचारलं की मी दाराबाहेर जाऊन घसा खाकरतो आणि आत येतो. ताईला अजून सांगितलेलं नाही. हे पत्रही कुठल्या पेटीत पडणार नाही, ड्रॉवरमध्येच राहील.

काल आईला सर्दी होती, म्हणून मी त्या हॉटेलात एकटाच गेलो. हॉटेलवाल्या बाईने विचारलं, "हालो-हालो?" मी चहा मागवला. तुमची परवानगी आईला होती, बाबा. मला नव्हती.