शेवटच्या ओळीतलं नाव

३ फेब्रुवारी २००४, मॉरिसव्हिल

मी असामान्य आहे! म्हणजे, तसं सिद्ध करायचंय. ‘असामान्य गुणवत्ते’च्या ग्रीन कार्डासाठी सहा नामवंतांची शिफारसपत्रं हवीत, आणि ती सगळी मीच लिहायची. ते नुसती सही करणार. “एव्हरीबडी डझ इट,” — माझी वकील, डॉना.

नोव्हेंबरात व्हिसा संपतो. तोवर मंजुरी नाही, तर लॅब, बुरशीचे नमुने, सात वर्षांचं काम — सगळं इथे टाकून परत.

९ फेब्रुवारी

दोन तासांत एकच वाक्य. ‘उपासना मेहनती आहे.’ शेजारच्या लॅबमधली सुलभा हसून हसून बेजार. “अगं, स्थळ बघतेयस का स्वतःसाठी? ब्रिलियंट लिही ना यार!”

आपल्या हाताने आपलीच आरती ओवाळायची सवय नाही, काय करू!

१५ फेब्रुवारी

पाच झाली. सहावं अडलं.

सगळी केस उभी आहे ती शेंगदाण्यातली बुरशी एका दिवसात ओळखायच्या पद्धतीवर. ती मी एम.एस्सी.ला असताना शोधली. इथले शेंगदाणेवालेही आता तीच वापरतात — मिरवते मी, का नाही मिरवायचं? पण तेव्हाच्या पेपरवर नाव एकट्या खरे सरांचं, माझ्या गाइडचं. माझं आभारात, शेवटच्या ओळीत. ‘कु. उपासना हिने नमुने धुण्यास मदत केली.’ धुण्यास!!

डॉना म्हणते, पद्धत तुझी होती हे त्यांच्याच सहीने हवं.

बाबा त्याच लॅबचे शिपाई. एकतीस वर्षं दाराशी स्टुलावर. सरांना दिवसातून चार वेळा चहा नेऊन द्यायचे.

१८ फेब्रुवारी

सरांच्या नावे मसुदा लिहून पाठवला, तर डॉना भडकली. “हू इज द पेटिशनर — यू ऑर हिम?” बघते तर ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’ तीनदा! इतक्या वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, मीच त्यांना पुन्हा वर बसवलं. स्वतःचाच भयंकर राग आला.

बाबांना फोन केला. म्हणाले, “आपलं नाव दुसऱ्याच्या हाती देल्लं का तो शेवटीच लिवते, बाई. तू लिव. पयल्या ओळीत लिव.”

लिहिलं. ‘ही पद्धत उपासना रामभाऊ वाहाणे हिची आहे.’ वाचून पाहिलं. छान दिसतं. सरांना मेल केला.

४ मार्च

उत्तर नाही.

११ मार्च

नाहीच. कोण शहाणा आपली चूक लेटरहेडवर छापून देईल? सुलभा म्हणते, दुसरं कुणी बघ. दुसरं कुणी नव्हतंच त्या खोलीत. होते ते बाबा. शिपायाचं पत्र कोण वाचणार!

बाबांना सांगितलं. नुसतं “हं” म्हणाले आणि फोन ठेवून दिला. वाईट वाटलं असणार.

२ एप्रिल

कुरियर आलं! सही आहे! एक शब्द बदललेला नाही. सर एरवी हिरव्या शाईने सही करायचे, ही निळी आहे. असो. सही ती सही.

१४ एप्रिल

अर्ज कालच गेला. आज जयंतीला क्लबहाउसमध्ये सगळ्यांना खीर वाढली. कुणीतरी विचारलं, “काय खास?” म्हटलं, “मीच खास!” आणि लाजले नाही.

१९ ऑक्टोबर

मंजूर!!! नोव्हेंबरला बारा दिवस बाकी. कागदावर माझं नाव पहिल्याच ओळीत. दहा वेळा वाचलं. सुलभा रडली, मी नाही. मग मीही.

२० ऑक्टोबर

बाबांना कळवलं. म्हणाले, “मार्चात मीच गेलतो खरे सरांच्या घरी. तुही प्रॅक्टिकलची वही नेली, तारखा दाखवल्या. सरायनं एकेक पान पलटवून पाह्यलं. मंग आत गेले अन् चहा आणला मले, सोताच्या हातानं. सही कराले त्यायले पेन सापडेना. मीनं माह्या खिशातला देल्ला.”