रिकाम्या जागेचा उजेड

कावलूर, २० जानेवारी १९७५

ती. आईस, विजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे. इथे जेवणात भातच फार, एवढीच तक्रार. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाई पाय चेपून देते ना?

तू विचारलंस, "दुर्बिणीतनं तू करतीस तरी काय गं?" एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा एक गुच्छ आहे. एकेकाचा उजेड यंत्राने मोजायचा. त्यावरून गुच्छ किती दूर, किती वयाचा, ते कळतं. त्यातले सगळ्यात तेजस्वी तारे आधी संपतात, आई.

तारा मोजला की शेजारच्या रिकाम्या जागेचाही उजेड मोजून वजा करावा लागतो. परवा मी तेवढंच विसरले आणि सगळं काम पुन्हा केलं. त्या जागी डोळ्याला काहीच दिसत नाही, तरी काटा शून्यावर येत नाही. कुणी श्वास घेत असावं तसा हलत राहतो.

दिवाळीत मी तुझ्यावर चिडले. माझ्या पाठचा नाथाजी लढाईत बेपत्ता होऊन तीन वर्षं झाली, तरी तू त्याचं ताट मांडतेस म्हणून. मी ते उचलून फडताळात ठेवलं. तू एवढंच म्हणालीस, "ऱ्हाऊ दे की गं. जागा तरी हाय न्हवं त्याची."

आता इथे खानावळीत शेजारची खुर्ची रिकामी असली की मला घास उतरत नाही.

आई, ते ताट परत काढ. पाडव्याला मी येतेय. माझं त्याच्या शेजारीच मांड.

तुझीच लेक,
विजयमाला