न शिवलेली दुलई

प्रिय स्लावका,

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन हल्ली आठवड्यातून दोनदाच येतो, त्यामुळे ते दोन दिवस कुठेतरी पडून राहिलं असणार. फाटकापाशी उभ्या उभ्याच वाचलं. मग घरात आले, चष्मा पुसला, आणि बसून पुन्हा वाचलं. तुला फोन करणार होते. पण फोनवर तू "आई, नंतर बोलू, नेला उठली" म्हणतेस आणि मी "बरं बाई" म्हणते, आणि तो 'नंतर' काही उगवत नाही. तेव्हा लिहितेच. लांबेल. तुझी चिमुकली नेला झोपली असेल तेव्हा वाच.

तू लिहिलंयस, "मला दिली नाहीस ते दिली नाहीस, निदान माझ्या लेकीला तरी पिसांची दुलई दे. सगळ्यांच्या आज्या देतात. तेवढंही नाही जमलं, तर ईस्टरला आमची वाट बघू नकोस." चाळिशीला आलीस तरी धमकी द्यायची तुझी पद्धत तीच आहे हो! सात वर्षांची असताना सूप प्यायचं नसलं की अशीच दाराबाहेर जाऊन बसायचीस. पण तेव्हा मी मागून यायचे आणि तू आत यायचीस. आता परक्या देशात, लिंत्सपर्यंत मी कुठे मागे येऊ?

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं. पावासाठी मोठ्या रस्त्यापर्यंत चालावं लागतं. जिना चढून वर मी महिन्यातून एकदा जाते, तेही खिडक्या उघडायला. सगळं माझं खालच्या एका खोलीत. सोमवारी कोबीचं सूप करते, ते गुरुवारपर्यंत पुरतं. सत्तावीस वर्षं शाळेत दोनशे पोरांचा स्वयंपाक केलेली बाई मी, मला अजून एका माणसाचं माप जमत नाही. टीव्हीवर तो हवामानवाला "उद्या गारठा वाढेल" म्हणाला की मी त्याला "कळलं रे बाबा" म्हणून मोकळी होते. हसू नकोस. तुझे बाबा गेल्यापासून या घरात मला उत्तर देणारं दुसरं कुणी नाही.

दुलईचं तुझं दुखणं मला ठाऊक आहे, स्लावका. नाही असं समजू नकोस. हिवाळा लागला की शेजारच्या ओतिलिया मावशीकडे टेबलाभोवती बायका जमायच्या, दुलईत भरायला हंसांची पिसं काडीवरून सोलायला. दार कुणी उघडायचं नाही, शिंकायचं नाही, आणि तुम्ही पोरी मुद्दाम फूं करून पिसं उडवायच्या आणि ओरडा खायच्या. प्रत्येक आई आपल्या लेकीसाठी वेगळी पिशवी भरायची. ही यवेटाची पिसं, ही मोनिकाची, लग्नाला दुलई झाली पाहिजे. तू एकदा केसात पिसं अडकवून घरी आलीस आणि विचारलंस, "आई, माझी पिशवी कुठली?" मी तुला म्हटलं, "आपल्याला नको ती घाण घरात." तू आठ वर्षांची होतीस. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला होता. पाहिला आणि बटाटे सोलत राहिले.

गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. आपल्या घरी हंस नाहीत, पिसं नाहीत, सगळ्यांच्या पलंगावर डोंगराएवढ्या दुलया आणि आपल्याकडे दुकानातली लोकरीची ब्लँकेटं. ओतिलिया तर तोंडावर म्हणाली होती, "अगं युस्तीना, पोरीला दुलईशिवाय सासरी धाडणार? लोक म्हणतील आईला हात नव्हते." मी म्हटलं, "आहेत की. बघायचेत का कसे बसतात ते?" सहा महिने आम्ही बोललो नाही. कुणी चिक्कू म्हणालं, कुणी शिष्ट. म्हणू दे. पण तुझ्या लग्नात तू सामान गाडीत भरताना शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होतीस, काहीतरी निघेल म्हणून. मी तुला भांड्यांचा सेट दिला. तू "थँक्यू आई" म्हणालीस, अगदी परक्या बाईला म्हणावं तसं. त्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. घरी रडायची सोय नव्हती, घरभर पाहुणे होते.

आता तुझ्या पत्रातलं मुख्य. तू लिहितेस, घर गार पडतं, तुझा नवरा गेऑर्ग हीटर वाढवू देत नाही, आणि पहाटे नेलाचे हात बर्फासारखे लागतात. म्हणून दुलई हवी. आणि मी केली नाही तर ओतिलिया मावशी करणारच आहे, तिच्या भाच्याच्या गाडीतून शुक्रवारी निघेल. हे वाचून मी चप्पल घालून तशीच ओतिलियाकडे गेले. दुलई टेबलावर पसरलेली. गुबगुबीत, पांढरीशुभ्र, कडेनं लाल धाग्याची शिवण. सुंदर केलीय, खोटं का बोलू. मी हातात घेतली. जड होती. ओतिलिया म्हणाली, "बघतेस काय? तुझ्या नातीसाठी मी डोळे फोडून घेतेय, आणि तू कॉफीलासुद्धा येत नाहीस." मी म्हटलं, "ओतिलिया, नऊ महिन्यांची आहे पोर, एवढी जड कशाला?" तर म्हणते, "अगं, जड असेल तरच लेकरू निवांत झोपतं, हलत नाही." हलत नाही म्हणे! दुलई टेबलावर परत ठेवली. घरी आले.

खरं सांगते, ती दुलई पळवावी असंही मनात आलं. ओतिलिया सकाळी चर्चला जाते तेव्हा किल्ली कुंडीखाली असते. पण मी पळवली तर तू दुसरी आणशील. चिडून आणखी मोठी आणशील. मी तुझी आई आहे, मला नाही कळणार?

म्हणून काल नऊच्या बसनं शहरात, नित्र्याला गेले. लहान मुलांच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे, आत शिरलं की भिंतभर दुलया. अस्वलांच्या, ढगांच्या, मधमाश्यांच्या. तिथली मुलगी विशीतली असेल, नाकात चमकी. मी म्हटलं, "बाळा, नातीसाठी दुलई हवी. चांगली, पण हलकी." तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, नात केवढी?" म्हटलं, नऊ महिने. तर ती म्हणाली, "मग कुठलीच नको." मला वाटलं विकायची नाही म्हणून टाळतेय. मी म्हटलं, "अगं, मी रिकामी हिंडायला नाही आले." ती हसली आणि माझ्याजवळ येऊन नीट सांगायला लागली. वर्षाच्या आतल्या बाळावर दुलई नाही, उशी नाही, मऊ कापडाचे ढीग नाहीत. तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. त्यापेक्षा बिनबाह्यांची झोपेची पिशवी घालायची. गळा बेताचा हवा, बाळ आत घसरून डोकं झाकलं जाईल इतका सैल नको. आणि हात गार लागले म्हणून घाबरायचं नाही, लहान मुलांचे हात गारच असतात. मानेच्या मागे बोटं लावायची. तिथं ऊब असली की बाळ बरं आहे, घाम असला की एक कपडा काढायचा.

मी तिला म्हटलं, "ते हातांचं पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. "हात गारच असतात, आजी. त्यानं काही कळत नाही." मग मी तिथल्या एका छोट्या पलंगावर बसले, तो विकायला मांडलेला होता तरी. तिनं पाणी आणून दिलं, "आजी, चक्कर येतेय का?" म्हणाली. मी म्हटलं बसमध्ये कोंडल्यासारखं झालं. ती माझ्याजवळ वाकून बसून राहिली, गिऱ्हाइकं खोळंबली तरी. किती दिवसांत कुणी असं माझ्या शेजारी बसलं नव्हतं.

दोन वस्तू घेतल्या आहेत. झोपेची पिशवी, निळी, तिच्यावर ससे आहेत. माप नऊ महिन्यांचं, पोर वाढेल म्हणून पुढचं माप घेतलेलं नाही, ती मुलगी नको म्हणाली. आणि एक दुलई पुढच्यासाठी. नेला दोन वर्षांची झाली, स्वतः पांघरूण पायानं उडवून द्यायला शिकली, की तेव्हा काढ. छोटी आहे, तिच्याच पलंगाच्या मापाची. मोठ्यांची दुलई दुमडून घालायची नाही. एका हातावर उचलली तर वजन कळत नाही इतकी हलकी. आत पिसं नाहीत, मशीनमध्ये गरम पाण्यानं धुता येते. तिला नाडी नाही, बटण नाही, लोंबणारं काही नाही. मी सगळ्या कडा चाचपून पाहिल्या. घरी आल्यावर ती तोंडावर धरून श्वास घेऊन बघितला. वेडी म्हणशील. म्हण. पार्सल आजच टाकतेय, पण हे पत्र वेगळं, त्याच्या आधी पोचावं म्हणून.

तू म्हणशील, एवढंच होतं तर चार ओळींत लिहायचंस, आई. ते लिहून झालंय माझं. चार ओळींचं पत्र काल केलं होतं, तेच टाकणार होते. मग वाटलं, तू ते वाचून म्हणशील, "पुन्हा तेच. बाईला द्यायचंच नाही." आणि ओतिलियाची दुलई नेलाच्या अंगावर घालशील, माझ्यावरच्या रागानं. तेव्हा मला उरलेलंही सांगायला हवं.

तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता. ओन्द्रेय. आम्ही तेव्हा या गावात नव्हतो, बाबांच्या आईवडलांच्या गावी होतो. तीन महिने आणि नऊ दिवसांचा होता. जानेवारीची सकाळ, शेगडी विझलेली, आणि त्याचे हात बर्फासारखे लागले. मी माझ्या लग्नातली दुलई, माझ्या आईनं सोललेल्या पिसांची, दुमडून त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि हंसांना पाणी घालायला गेले. पाणी गोठलेलं होतं, ते फोडत बसले. अर्धा तास असेल. आले तेव्हा दुलई त्याच्या तोंडावर होती. डॉक्टरांनी मृत्यूच्या कागदावर फुफ्फुसांचं दुखणं लिहिलं. सासूबाई देवाची इच्छा म्हणाल्या. तुझे बाबा एकदाच बोलले, "तू त्याला गारठू नये म्हणून घातलीस, युस्तीना," आणि त्यानंतर मरेपर्यंत तो विषय निघाला नाही. तू पोटात होतीस तेव्हा आम्ही ते गाव सोडलं, इथे कुणाला माहीत नाही. दर एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, मी एकटी ज्या म्हाताऱ्या मावशीच्या थडग्यावर दिवा लावायला जाते म्हणून सांगायचे, ती मावशी कधी नव्हतीच. तो दुलईविना वाचला असता का, कुणी सांगू शकत नाही. काल त्या मुलीलाही विचारायचं होतं, धीर झाला नाही. पण तुला दुलई दिली नाही ती हात आखडला म्हणून नव्हे. पिसांची पिशवी घरात आली तर मी वेडी झाले असते, पोरी, आणि तू मला हवी होतीस. सांगायला हवं होतं. लाज वाटली, मग उशीर झाला, मग सवय झाली. ओतिलियाचं गाठोडं येईल तेव्हा ते कपाटात वर ठेव, पलंगाच्या आसपासही नको. ते आधी कर, मग हवं तेवढं रागव. ईस्टरला ये किंवा येऊ नकोस, ते तू ठरव. पण एकदा फोन कर. त्रेचाळीस वर्षांत मी त्याचं नाव कुणासमोर मोठ्यानं घेतलेलं नाही. तुझ्याजवळ घेईन म्हणते.

तुझीच,
आई