मालिकेतल्या नवऱ्याला माफी

मंगळवार, दिवेलागणीला

आज नीतिशास्त्राच्या तासाला पोरींनी विचारलं, "मॅडम, मालिकेतला तो दारुडा नवरा आवडतो कसा?" मी ऐटीत सांगितलं, त्याचं दुखणं आपल्याला आतून दिसतं म्हणून.

घरी आले तर आई टीव्हीसमोर त्याच्यासाठीच डोळे पुसत होती. "मनानं वाईट न्हाय गं त्यो." आणि तिचा खरा नवरा, आमचे अण्णा, बाहेर ओसरीवर. त्यांनी दारू सोडून चार वर्षं झाली, तरी आई त्यांच्याशी बोलत नाही. "त्यांना सांग, ताट वाढलंय," एवढंच, तेही माझ्याकरवी. दुखणं आतून दिसतं म्हणे!

ताट नेलं तर अण्णांनी हळूच विचारलं, "बायकोनं घेतलं का गं त्याला घरात?"

"घेतलं," मी म्हणाले. ते भाकरी कुस्करत राहिले.

आईनं ऐकलं असणार. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.