तिसऱ्या गटाचं इतिवृत्त

१२ मार्च, बिश्केक
अकरा संस्था, एक टेबल! तेशिक-सू गावाच्या डोक्यावर वितळल्या बर्फाचं तळं आहे. ते फुटलं तर गावाला आधी कळावं म्हणून भोंग्याचं यंत्र बनवायचंय. चहा येईपर्यंत सगळे आपापल्यांत जाऊन बसले — विद्यापीठवाले खिडकीपाशी, कारखानेवाले दाराशी. मी समन्वयक. बसले तसेच गट कागदावर उतरवले. उरले तिघे: पशुपालक संघाची सोनुन (तिचं घर नदीला लागूनच), काराकोलचा वेल्डर जाकिप आणि भूगर्भ प्रयोगशाळेचे बेक्तेमिर सर. कुठेच बसेनात. म्हणून एकत्र टाकले. तिसरा गट.

३ एप्रिल
विद्यापीठवाल्यांची बैठक अर्ध्या तासात आटोपली. इतिवृत्त कसं स्वच्छ! तिसऱ्या गटाची तीन तास — निर्णय शून्य. सर तळ्याकाठच्या खांबावर मापक बसवून पाण्याच्या दाबाचं गणित मांडत होते. सोनुन मध्येच, "सर, हा खांब माझे याक एका दिवसात पाडतील. त्यांना अंग घासायला काहीतरी लागतंच." जाकिप खो खो हसला. सर नाही हसले.

४ एप्रिल
सरांचा फोन. "मी याकांचं गाऱ्हाणं ऐकायला आलेलो नाही!"

२६ एप्रिल
पुन्हा भांडण. आता जाकिप विरुद्ध सर. "गणित बरोबर असेल हो, पण लोखंडाला ते कोण सांगणार?" सोनुनला म्हटलं, जरा आवर यांना. मी वयाने मोठी म्हणून मला एजे, म्हणजे ताई म्हणते, ऐकत मात्र काही नाही. "भांडू द्या, एजे. खांब गेला ना! आता मापक नळात घालून जमिनीत पुरणार."

१९ मे
तळ्यावर चाचणी. विद्यापीठांचं यंत्र इथे खोलीत झकास चालत होतं. वर थंडीत बॅटरीने मान टाकली. त्यांच्यातल्या एकालाही शंका आली नव्हती — सगळे एकाच वर्गात शिकलेले. कारखानेवाल्यांचा भोंगा कानठळ्या बसवतो, पण कधी वाजायचं हे त्याला ठाऊक नाही. तिसऱ्या गटाचं यंत्र अजून अर्धवट.

२ जून
निधी देणाऱ्यांचं पत्र: तिसरा गट मोडा, माणसं इतरांत वाटा. इतिवृत्तं पाहता त्यांचं चूक नाही. आदेशावर सही केली, टपालात टाकला. वाईट वाटलं? फारसं नाही. डोकेदुखी गेली.

८ जुलै
महिनाभर तिघांची एकही तक्रार नाही.

२३ जुलै
दुपारी सोनुनचा फोन. तळं फुटलं. पूल गेला. नऊ घरं गेली — "त्यात माझंही." माणसं सगळी टेकडीवर, एकूण एक. "भोंगा वाजला ना, एजे! आमचा!"
मी विचारलं, "गट मोडल्याचं पत्र मिळालं नव्हतं?"
"मिळालं की. तिघांनी एकत्र बसून वाचलं. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं."